पिपरी मेघेच्या चार वाटा



वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलात, की शहर केव्हा संपले आणि पिपरी मेघे केव्हा सुरू झाली हे कळतच नाही. एका अंगाला नवी घरे, दुकाने, शिक्षा मंडळाचे अभियांत्रिकी महाविद्यालय; दुसऱ्या अंगाला अजूनही पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे. २०११ च्या जनगणनेत हिची गणना शहरी वस्तीत झाली, पण दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्याने जाऊ लागल्या की गावाचे मूळ रूप पुन्हा दिसते. पिपरी, सावंगी, सिंदी, बोरगाव अशा वर्ध्याभोवतीच्या कितीतरी गावांच्या नावापुढे 'मेघे' हा शब्द लागतो. त्यांतली पिपरी कोणती म्हणून विचाराल, तर आर्वी रोडवरची.

देवळे, किल्ले, धबधबे पाहायचे असतील तर ह्या गावी येऊ नका. परंतु ह्या गावाला मध्य धरून चार दिशांनी चार वाटा काढल्या, तर थोड्याच अंतरात तुम्हांला असे काही पाहायला मिळेल की जे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. माणसाच्या आजारांचा अभ्यास शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होतो अशी आपली समजूत. येथे मात्र गेली सत्तर-ऐंशी वर्षे तो अभ्यास खेड्यापाड्यांत, आपल्यासारख्यांच्या ओसरीवर होत आला आहे. मी पडलो कृषी विस्ताराच्या खात्यातला माणूस. डॉक्टरी माझा विषय नव्हे. पण प्रयोग, प्रात्यक्षिक, नियंत्रण वाफा, नमुना हे शब्द माझ्या रोजच्या कामाचे आहेत आणि डॉक्टरांच्या संशोधनातही तेच शब्द आहेत. म्हणून ह्या चार वाटा शेतकऱ्याच्या नजरेने तुम्हांला दाखवाव्यात असे वाटले.

पहिली वाट : दत्तपूर

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की नालवाडीच्या पुढे दत्तपूर लागते. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. त्या काळी ह्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रोग झालेल्या माणसाला घरचेच बाहेर काढीत. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री ह्याच रोगाने ग्रासले गेले आणि सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींच्या आश्रयाला आले. गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळीत. आश्रमातील परचुरे कुटी आजही पाहता येते. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस दत्तपूरलाच गेले.

सेवाभाव मोठा होताच, पण रोग हटविण्यास तेवढा पुरला नसता. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वारदेकर यांनी वर्ध्याच्या खेड्यांत एक नवी रीत घालून दिली. रोग्यांना वसाहतीत गोळा करायचे नाही. उलट कार्यकर्त्यांनीच घरोघर जायचे, प्रत्येकाचे अंग तपासायचे, रोगाची माहिती सांगायची आणि रोग्याला त्याच्या घरीच ठेवून गोळ्या द्यायच्या. शोध, शिक्षण आणि उपचार अशी ही तीन पायांची तिवई. १९५५ मध्ये देशाचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हीच रीत पुढे देशभर गेली. ती प्रथम पारखली गेली ती आपल्याच शेजारच्या खेड्यांत.

पुढे एक अडचण उभी राहिली. डॅप्सोन ह्या एकाच गोळीवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवल्याने रोगजंतू तिला दाद देईनासे झाले. शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. एकच कीटकनाशक दर फवारणीला वापरले की बोंडअळी निर्ढावते, तसाच हा प्रकार. म्हणून डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन अशी औषधे एकत्र देण्याचे ठरले. १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत हा बहुविध औषधोपचार सुरू झाला, त्यांत बंगालच्या पुरुलियाबरोबर आपला वर्धा जिल्हा होता.

तेव्हा अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात सहा महिने किंवा बारा महिने औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. रोग्याला वेगळे ताट, वेगळी खाट देण्याची काही एक गरज नाही.

दुसरी वाट : सेवाग्राम

वर्ध्याच्या पूर्वेला सेवाग्राम. कस्तुरबांच्या स्मरणार्थ डॉ. सुशीला नायर यांनी येथे एक लहानसे रुग्णालय उभारले. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, येथे खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की अकोल्याचे आपले कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे. एक पिकाचे दुखणे शोधणारे, दुसरे माणसाचे. दोन्ही एकाच वयाची.

येथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आरंभी आश्रमात शिबिरात राहावे लागते. नंतर त्यांची तुकडी एखादे गाव दत्तक घेते आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात. वर्ध्याच्या परिसरात शेकडो घरे अशी निघतील की जेथे आज कोठेतरी मोठ्या हुद्द्यावर असलेला डॉक्टर कधीकाळी वही घेऊन ओसरीवर बसला होता.

ह्याच सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास खेड्यात एक निराळाच प्रयोग केला. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, पण सुगीच्या वेळी ज्वारी असते. मग दवाखान्याच्या विम्याचा हप्ता ज्वारीतच का घेऊ नये? सुगी झाली की ज्याची शेती जास्त त्याने जास्त ज्वारी द्यावी, मजुराने थोडी द्यावी, आणि आजारपणात दोघांनाही सारखीच सोय मिळावी. ह्याला कोणी संशोधन म्हणणार नाही, पण हेही संशोधनच होते. गरीब माणूस उपचाराला का येत नाही, रोगामुळे की पैशामुळे, ह्याचे उत्तर त्यातून मिळत गेले. आज वावरात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे, पण तो विचार जुना झालेला नाही.

रक्ताच्या तपासणीचेही येथे मोठे काम झाले. हत्तीपायाचे जंतू रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री दारावर येऊन रक्ताचा थेंब घेतात. दिवसाच्या रक्तावरून रोग ओळखता यावा ह्यासाठी डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी सेवाग्रामच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे खर्ची घातली.

आणखी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे, कारण त्यात डॉक्टरांनी स्वतःलाच तपासले. दवाखान्यात काम करणाऱ्या ७२६ माणसांची, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, सफाई कामगार अशा सर्वांची क्षयाच्या संसर्गासाठी तपासणी करण्यात आली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. निम्म्या लोकांच्या अंगात क्षयाचा सुप्त संसर्ग असल्याचे दिसले. सुप्त संसर्ग म्हणजे आजार नव्हे, जमिनीत पडलेले बी जसे ओल मिळेपर्यंत उगवत नाही तसे ते असते. पण त्यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. क्षयाच्या रोग्याशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्यांना धोका असतो. घरासाठीचा धडा साधा आहे. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर बेडका तपासून घ्यावा, तोंडावर फडके धरावे आणि निजण्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी.

तिसरी वाट : सावंगी आणि सेलसुरा

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की आधी सावंगी मेघे येते. १९९० पासून येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. सकाळच्या वेळी आवारात उभे राहा, आसपासच्या तालुक्यांची बोली कानावर पडेल. त्याच रस्त्याने पुढे गेलात की सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र लागते. एकाच सडकेवर माणसाचा दवाखाना आणि पिकाचा दवाखाना! ह्या दोहोंतले नाते फार जुने आहे आणि त्यात मोठेपणा शेतीचा आहे.

गोष्ट अशी. नवे वाण चांगले की जुने, हे पाहायचे झाले तर आपण काय करतो? नवे वाण विहिरीजवळच्या काळ्या कसदार जमिनीत पेरले आणि जुने मुरमाड टेकाडावर, तर नवे जिंकणारच. त्यात वाणाचा गुण कोणता आणि मातीचा कोणता? इंग्लंडात रोथमस्टेड येथे शेती संशोधन केंद्र आहे. तेथे फिशर नावाच्या गणितज्ञाने १९२० नंतरच्या काळात ह्यावर तोड काढली. शेताचे सारखे वाफे पाडायचे आणि कोणत्या वाफ्यात कोणते वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. माणसाच्या आवडीनिवडीला जागाच ठेवायची नाही.

हीच रीत पुढे डॉक्टरांनी उचलली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध निघाले, तेव्हा इंग्लंडात १०७ रोग्यांची चिठ्ठीप्रमाणे विभागणी झाली. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच. सहा महिन्यांनी पाहिले तर औषधाच्या गटातले ४ दगावले होते आणि दुसऱ्या गटातले १४. हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९५६ पासून मद्रासला असाच प्रयोग झाला. काही रोग्यांना क्षयाच्या इस्पितळात ठेवले आणि काहींना त्यांच्या गरीब घरीच औषध दिले. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. ज्या रोगापायी लोक वावर गहाण टाकून दूरच्या आरोग्यधामात जाऊन पडत, तो रोग घरी राहून बरा होऊ लागला तो त्या प्रयोगामुळे.

पण एका प्रयोगाने सारे ठरत नाही, हेही आपणच त्यांना सांगू शकतो. एका हंगामात एका गावी वाण चांगले पिकले म्हणून आपण साऱ्या जिल्ह्याला त्याची शिफारस करीत नाही. याचे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याच्या विषयातले आहे, ते म्हणजे फवारणीच्या विषबाधेचे. पोटात वा अंगावर गेलेल्या काही कीटकनाशकांवर अॅट्रोपिनबरोबर प्रॅलिडॉक्सिम हे औषध देतात. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रोग्यांवर प्रयोग केला. पहिल्या मोठ्या मात्रेनंतर शंभर जणांना ते थोडे थोडे, थांबून थांबून दिले. शंभर जणांना दोन दिवस सलग मोठ्या प्रमाणात दिले. पहिल्या शंभरातले ८ गेले, दुसऱ्या शंभरातला १. २००६ मध्ये हे जगभर गाजले. परंतु २००९ मध्ये श्रीलंकेच्या डॉक्टरांनी २३५ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात ह्या औषधाने मृत्यू कमी झाल्याचे दिसलेच नाही, उलट थोडे अधिकच दिसले. कोणी खोटे बोलले असे नव्हे. विष निराळे, दवाखान्यात पोचण्याचा वेळ निराळा, माती निराळी म्हणा ना! म्हणूनच 'अमक्या औषधाने हमखास गुण येतो' असे कोणी सांगितले, तर किती ठिकाणी आणि किती जणांवर पाहिले, हे विचारण्याची सवय आपण ठेवावी.

मात्र ज्याबद्दल वाद नाही ते पाठ करून ठेवा. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारताना विशेष जपा. दोन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नका. कोणाला मळमळ, घाम, लाळ, धूसर दिसणे असे होऊ लागले तर ताबडतोब त्याला वावराबाहेर आणा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका. उलटी काढू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि औषधाचा डबा चिठ्ठीसकट बरोबर न्या. डब्यावरचे नाव कळले की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

चौथी वाट : आपल्या दारापर्यंत

चौथी वाट आर्वीकडची. पिपरीवरून पुढे ती आंजीला जाते. तेथे सेवाग्रामच्या महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. ह्या पट्ट्यात बाळंतिणी, तान्ही मुले, शाळकरी पोरे, वयात येणाऱ्या मुली यांच्या आरोग्याची पाहणी वर्षानुवर्षे होत आली आहे. ह्या वाटेवर पाहण्याची जागा म्हणजे इमारत नव्हे. पाहण्याची जागा तुमचीच ओसरी आहे.

कामानिमित्त एका गावी गेलो असता एका आजीने मला विचारले, "साहेब, हे पोट्टे येते, फारम भरते, रगत नेते. मंग आमाले कोनी येऊन सांगत नाई का काय निंगालं थे." कोणत्या संस्थेची मुले होती हे तिला ठाऊक नव्हते आणि येथे त्याला महत्त्वही नाही. पण आजीचा प्रश्न लाखमोलाचा आहे. आपण मातीचा नमुना देतो तेव्हा नत्र किती, स्फुरद किती हे लिहिलेली पत्रिका परत मिळावी असा आग्रह धरतो. मग रक्ताचा नमुना दिला तर त्याची पत्रिका का मागू नये?

म्हणून कोणी वही घेऊन दारी आले की त्यांना बसायला घोंगडी द्या, पाणी द्या, आणि इतके प्रश्न अवश्य विचारा. आपण कोणाकडून आलात, पत्र आहे काय? हा अभ्यास कशासाठी आहे? मला काय करावे लागेल, किती वेळ, किती रक्त? नाही म्हटले तर दवाखान्यात माझ्या उपचारात काही फरक पडेल काय? माझे नाव कोणाकोणाला कळेल? आणि निष्कर्ष आम्हांला केव्हा व कसा सांगाल? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. संशोधनासाठी संस्थेच्या नीती समितीची परवानगी लागते आणि तुमची समजून-उमजून दिलेली संमती लागते, असा नियमच आहे. 'नाही' म्हणण्याचा, आणि एकदा हो म्हणून मध्येच थांबण्याचाही तुम्हांला हक्क आहे. नव्या औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद सरकारी नोंदवहीत झालेली असली पाहिजे. २००९ पासून ते सक्तीचे आहे. अशा चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. न वाचता अंगठा उठवू नका. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

आता दुसरी बाजू. होकार दिलात तर खरे सांगा. खर्रा, तंबाखू, दारू, फवारणीच्या वेळी तोंड झाकले की नाही, गोळ्या मध्येच सोडल्या की काय, हे लपवले तर निष्कर्ष चुकतो. पीक कापणीच्या प्रयोगात खोटे वजन लिहिले की पैसेवारी चुकते आणि साऱ्या गावाला भोगावे लागते, तसेच हे. आणि एक गोष्ट विशेषतः पुरुष मंडळींना. घरातल्या बाईच्या दुखण्याचा प्रश्न तिला विचारला असेल तर उत्तर तिला देऊ द्या. 'तिला काय कळते, मी सांगतो' असे म्हणून घरधनी उत्तरे देतो आणि अंगावरून जाणे, रक्त कमी असणे, कंबरेचे दुखणे ह्या गोष्टी वहीत उतरतच नाहीत. जे वहीत उतरत नाही, त्यावर पुढे औषधही येत नाही.

विचार करून पाहा. कुष्ठरोगाची गोळी, क्षयाचा घरचा उपचार, विषबाधेचे इंजेक्शन ह्यांची मात्रा आज डॉक्टर चटकन लिहून देतात. ती मात्रा कोणीतरी, कोठेतरी, आपल्यासारख्याच माणसांनी दिलेल्या उत्तरांतून व रक्ताच्या थेंबांतून ठरलेली आहे. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांतले कित्येक वर्ध्याच्या भोवतालच्या खेड्यांतले होते.

ज्या गावांत अशी पाहणी झाली असेल, तेथील सरपंचांनी व आशाताईंनी एक करावे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना निमंत्रण द्यावे आणि 'आमच्या गावात काय निघाले ते आम्हांला आमच्या भाषेत सांगा' असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. चांगला डॉक्टर असेल तर त्याला याचा आनंदच होईल. माती परीक्षणाची पत्रिका जशी आपण घरात सांभाळून ठेवतो, तशी गावाच्या आरोग्याचीही एक पत्रिका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागू द्या.